शुश्रूषा आणि आज्ञा : परिचारिकांच्या नैतिक धैर्याचा विचार

शब्दांचा इतिहास पाहणाऱ्यास ‘शुश्रूषा’ हा शब्द फार उद्बोधक वाटतो. आज आपण तो आजाऱ्याची सेवा या अर्थाने वापरतो, आणि ‘सेवाशुश्रूषा’ असा जोडशब्द झाल्यावर तर त्याच्या मूळ अर्थाकडे कोणाचे लक्षही जात नाही. परंतु ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला आहे. ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळचा अर्थ. गुरूचे ऐकण्याची इच्छा म्हणजे शिष्याची नम्रता. नम्रतेतून आज्ञाधारकपणा, आज्ञाधारकपणातून सेवा, आणि सेवेतून रोग्याची सेवा, अशा पायऱ्यांनी हा शब्द रुग्णशय्येपर्यंत येऊन पोचला. ज्या व्यवसायाला आपण शुश्रूषेचा व्यवसाय म्हणतो, त्याच्या नावातच ऐकणे आहे. प्रश्न एवढाच उरतो, की ऐकावयाचे कोणाचे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहास आम्ही थोडक्यात मांडणार आहोत. परिचारिकांच्या धैर्याविषयी बोलताना आपण बहुधा युद्धातील किंवा साथीच्या रोगांतील त्यांचे शौर्य आठवतो. आणि ते योग्यच आहे. तथापि मरणाला न भिणे आणि वरिष्ठाला न भिणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्या धैर्याचे पोवाडे होतात. दुसऱ्या धैर्याच्या वेळी ती बाई बहुधा एकटी असते. तिच्या भोवतीचे लोक तिला भांडखोर म्हणतात, आणि ती खरी होती हे कळेपर्यंत पुष्कळ काळ लोटलेला असतो. ज्या व्यवसायाची उभारणीच आज्ञापालनावर झाली, त्यात आज्ञेच्या मर्यादा ओळखणे किती कठीण आहे, आणि ते ज्यांनी केले त्यांनी कशाच्या आधाराने केले, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१

हा पेच आधुनिक रुग्णालयाने निर्माण केलेला नाही. आपल्या आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. यांपैकी एक जरी लंगडा पडला तरी चिकित्सा उभी राहत नाही, अशी ती कल्पना आहे. परिचारकाच्या अंगी कोणते गुण असावेत हे चरक आणि सुश्रुत या दोघांनीही सांगितले आहे, पण त्यांच्या सांगण्यात एक लक्षणीय फरक आढळतो. चरकाने चार गुण सांगितले : उपचाराचे ज्ञान, दक्षता, ज्याची सेवा करावयाची त्याच्याविषयी अनुराग आणि शुचिता. वैद्याच्या आज्ञेचा यांत उल्लेख नाही. सुश्रुताने मात्र परिचारक हा वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागणारा असावा असे स्पष्ट म्हटले. आणि त्याच श्लोकात, तो रोग्याच्या रक्षणात तत्पर असावा, असेही म्हटले.

आता वैद्य जाणता असेल आणि त्याचे चित्त ठिकाणावर असेल, तर या दोन गुणांत विरोध येण्याचे कारण नाही. वैद्याचे ऐकणे हेच रोग्याचे रक्षण होय. परंतु वैद्यच चुकला, किंवा त्याहून वाईट म्हणजे वैद्याच्या मनात रोग्याचे हित उरलेच नाही, तर परिचारकाने या दोहोंपैकी कोणता गुण पाळावा? सुश्रुताने हा प्रश्न उपस्थित केलेला नाही. तो पुढील काळाने उपस्थित केला.

२

आधुनिक परिचर्येचा आरंभ आपण फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून धरतो. नोव्हेंबर १८५४ मध्ये ती ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोचली, तेव्हा तेथील डॉक्टरांना या बायका नको होत्या. नाइटिंगेलने त्या वेळी जे केले ते विचार करण्याजोगे आहे. डॉक्टरांनी बोलाविल्याखेरीज एकीनेही रोग्याला हात लावू नये, असा तिने आपल्या परिचारिकांना दंडक घालून दिला. जखमी सैनिक समोर विव्हळत असता या बायका मलमपट्टीची कापडे शिवीत बसल्या. पुढे लढाईतील जखमींचे लोंढे आले, डॉक्टरांचे हात अपुरे पडले, आणि त्यांनी स्वतः होऊन परिचारिकांना बोलावणे पाठविले. रुग्णालयात पाय रोवण्यासाठी दिलेली किंमत म्हणून तिने आज्ञाधारकपणा पत्करला होता. परंतु त्याच बाईने इंग्लंडला परतल्यावर मृत्यूंचे आकडे मांडून, १८५८ साली आकृत्या काढून, सिद्ध केले की त्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा कितीतरी अधिक संख्येने टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले. लष्कराच्या व्यवस्थेवर त्या काळी याहून कठोर टीका कोणी केली नसेल. आज्ञा पाळणे आणि सत्य न लपविणे ही दोन्ही तिच्या ठायी होती.

तिच्या अनुयायांनी मात्र यांतील पहिली गोष्ट अधिक जपली. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली. तिच्या नमुन्यावर पुढे ज्या शाळा निघाल्या त्यांत गणवेश, वसतिगृह, वरिष्ठ समोर येताच उठून उभे राहणे, प्रश्न न विचारणे, हा शिस्तीचा भाग रूढ झाला. १८९३ साली अमेरिकेतील डिट्रॉइट येथील एका परिचर्याशाळेत लिस्ट्रा ग्रेटर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एक प्रतिज्ञा तयार केली आणि तिला नाइटिंगेलचे नाव दिले. आपल्याकडेही दीपप्रज्वलनाच्या समारंभात विद्यार्थिनी हीच प्रतिज्ञा घेत आल्या आहेत. तीत डॉक्टरांच्या कार्यास निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन आहे. आणि कोणतेही अपायकारक औषध जाणूनबुजून न देण्याचेही वचन आहे. सुश्रुताच्या श्लोकातील पेच येथे जसाच्या तसा पुन्हा अवतरलेला दिसतो. एकाच श्वासात घेतलेली ही दोन वचने एकमेकांच्या आड आली तर काय करावयाचे, हे प्रतिज्ञा घेणारीस कोणी सांगितले नाही.

३

आपल्याकडील परिस्थिती निराळी होती. येथे परिचारिकेला पहिले धैर्य दाखवावे लागले ते रुग्णालयाच्या दाराबाहेर. परक्याच्या देहाला स्पर्श करावयाचा, रात्री घराबाहेर राहावयाचे, मलमूत्र काढावयाचे, जातीचा विचार बाजूला ठेवावयाचा. कुलीन म्हणविणाऱ्या घरांतून हे कल्पनेतही येण्यासारखे नव्हते. मुंबईत १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले आणि तेथे स्त्रियांसाठी स्त्रियांनी चालविलेल्या उपचारांची सोय झाली. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांतून, १८९१ साली शिक्षणासाठी पुढे आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिकांत दिले जाते.

पुण्यास १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या परिश्रमाने सेवासदन उभे राहिले. त्या संस्थेने विधवा व निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास पाठविले. ज्या समाजात विधवेने कोणाच्या दृष्टीस पडू नये अशी अपेक्षा होती, त्या समाजातील मुलींनी पांढरी साडी नेसून रुग्णालयाच्या खोल्यांतून हिंडावे, याची थट्टा आणि निंदा दोन्ही झाली. खुद्द रमाबाईंना या कामासाठी उघड सभेत सुशिक्षित तरुणांची कानउघाडणी करावी लागली होती. त्या मुलींनी आपल्या आठवणी लिहून ठेवण्याची चाल नव्हती, त्यामुळे त्यांपैकी बहुतेकींची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. पण लोकांचे ऐकावे की खाटेवरच्या माणसाचे ऐकावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या वागण्याने दिले होते.

एका गोष्टीची मात्र येथे नोंद घेतली पाहिजे. समाजाची आज्ञा मोडून ज्या या व्यवसायात आल्या, त्या रुग्णालयात पाऊल टाकताच दुसऱ्या एका आज्ञेखाली गेल्या. डॉक्टर, मेट्रन, सिस्टर, विद्यार्थिनी अशी ती उतरंड होती. ही उतरंड रोग्याच्या फायद्याची होती, यात शंका नाही. रात्रीच्या वेळी वाद घालीत बसलेल्या रुग्णालयात रोगी वाचत नाही. परंतु केवळ उतरंडीवर विसंबलेल्या व्यवसायाचे काय होऊ शकते, हे विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातील एका सुसंस्कृत म्हणविणाऱ्या राष्ट्राने जगाला दाखविले.

४

जर्मनीत ऑक्टोबर १९३९ मध्ये हिटलरने एका पत्रावर सही केली, आणि तिच्यावर १ सप्टेंबर ही मागची तारीख घातली. असाध्य ठरविलेल्या रोग्यांना ‘दयामरण’ देण्याचा अधिकार त्या पत्राने काही डॉक्टरांना मिळाला. मतिमंद, वेडे, अपंग अशा ७० हजारांहून अधिक माणसांना ऑगस्ट १९४१ पर्यंत खास केंद्रांत विषारी वायूने मारण्यात आले. काही धर्मगुरूंनी उघड निषेध केल्यावर ती केंद्रांची योजना वरवर थांबली. पण मारणे थांबले नाही. ते वेड्यांच्या इस्पितळांतून, औषधांच्या द्वारे, चालू राहिले.

मेझेरिट्झ-ओब्रावाल्डे हे असेच एक इस्पितळ. ते स्थळ आज पोलंडमध्ये आहे. १९४२ पासून जानेवारी १९४५ मध्ये रशियन सैन्य तेथे पोचेपर्यंत हजारो रोगी तेथे मारले गेले. पद्धत साधी होती. व्हेरोनालसारख्या झोपेच्या औषधाची मोठी मात्रा पाण्यात विरघळवावयाची, किंवा मॉर्फिनची सुई टोचावयाची. औषध देण्यासाठी दोघीतिघी लागत. एकीने रोग्याला उठवून आधार द्यावयाचा, दुसरीने पेला ओठांशी लावावयाचा. म्हणजे आधार देण्याचा तोच हात, पाणी पाजण्याचा तोच पेला, तीच मृदू भाषा. शुश्रूषेची सगळी बाह्य लक्षणे जशीच्या तशी होती. आज्ञा डॉक्टरांची होती.

१९४६ साली बर्लिनमध्ये त्या इस्पितळातील एक स्त्री-डॉक्टर आणि एक परिचारिका यांना देहान्ताची शिक्षा झाली. पुढे १९६५ साली म्यूनिक येथे तेथील १४ परिचारिकांवर खटला चालला आणि त्या सर्व सुटल्या. त्या खटल्यातील जबान्या वाचणाऱ्यास अस्वस्थ करणाऱ्या आहेत, कारण त्या राक्षसिणींच्या नाहीत. त्या शिस्तीत वाढलेल्या, कामात चोख, सर्वसामान्य बायकांच्या आहेत. एकीने सांगितले ते असे, की मला कोणी चोरी करावयास सांगितले असते तर मी केली नसती, कारण चोरी करू नये हे मला ठाऊक होते. पण औषध देणे हे माझे कर्तव्य होते, ते नाकारण्याचा मला अधिकार नव्हता. ही बाई खोटे बोलत होती असे आम्हांस वाटत नाही. तिला चोरीचे पाप शिकविले होते. आज्ञेचे पाप असू शकते हे कोणी शिकविले नव्हते.

नकार देणे अशक्य होते काय? या कामात भाग घेण्यास नुसता नकार दिल्याबद्दल परिचारिकेला ठार मारले, असे उदाहरण इतिहासकारांना सापडलेले नाही. काहींनी टाळाटाळ केली, काहींनी बदली मागून घेतली. भीती खरी होती. पण भीतीपेक्षा सवय अधिक बलवान ठरली, असाच निष्कर्ष काढावा लागतो.

५

ही जर्मनांची गोष्ट झाली, आपण तसे वागलो नसतो, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. चार्ल्स हॉफलिंग नावाच्या अमेरिकन मनोवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आपल्याला ती सवलत देत नाही. त्यांनी रुग्णालयांत रात्रपाळीला असलेल्या २२ परिचारिकांना दूरध्वनी केले. बोलणारा स्वतःला डॉक्टर म्हणवीत होता, पण परिचारिकेने त्याला कधी पाहिलेले नव्हते. अमुक रोग्याला अमुक औषध २० मिलिग्रॅम दे, मी थोड्या वेळात येऊन कागदावर सही करतो, असे तो सांगे. औषधाच्या डबीवर कमाल मात्रा १० मिलिग्रॅम अशी छापलेली होती. दूरध्वनीवरून औषधाची आज्ञा घेऊ नये असा नियम होता. ते औषध त्या विभागाच्या यादीतही नव्हते. तरीसुद्धा २२ पैकी २१ परिचारिका औषध घेऊन रोग्याच्या खोलीकडे निघाल्या, आणि तेथे दबा धरून असलेल्या निरीक्षकाने त्यांना थांबविले. औषध अर्थातच निरुपद्रवी होते.

याच प्रसंगाचे वर्णन करून दुसऱ्या परिचारिकांना, तुम्ही काय केले असते, असे विचारले, तेव्हा १२ पैकी १० जणी म्हणाल्या, आम्ही औषध दिले नसते; आणि २१ विद्यार्थिनींपैकी प्रत्येकीने तेच उत्तर दिले. त्या खोटे बोलत नव्हत्या. विचारात धैर्य दाखविणे आणि रात्री दोन वाजता, एकटीने, कोणा डॉक्टरचा त्रासलेला आवाज कानांत असता ते दाखविणे, यांत फार अंतर आहे. आम्ही शिक्षक मंडळी नीतीचे पाठ देतो आणि परीक्षेत बरोबर उत्तरे मिळवितो, त्यांनी हा आकडा विसरू नये.

तथापि या गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. १९७७ साली रँक आणि जेकबसन या दोघांनी असाच प्रयोग पुन्हा केला. पण या वेळी औषध परिचारिकांच्या ओळखीचे होते आणि आपल्या सोबतिणींशी बोलण्यास त्यांना मोकळीक होती. १८ पैकी केवळ दोघी औषध देण्यास सिद्ध झाल्या. ज्ञान असले आणि शेजारी विचारावयास कोणी असले, तर माणसाचा विवेक जागा राहतो. नैतिक धैर्य हा काही थोड्या असामान्य माणसांना जन्मतः मिळालेला गुण आहे, ही समजूत या आकड्याने बरीच ढिली होते.

६

व्यवसायाच्या नियमांतही हा बदल हळूहळू उतरला. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ साली आपली पहिली नीतिसंहिता स्वीकारली. डॉक्टरांच्या आज्ञा बुद्धिपुरस्सर व निष्ठेने पाळाव्यात, आणि अनैतिक उपचारांत भाग घेण्यास नकार द्यावा, अशी दोन्ही बंधने तीत एकाच कलमात होती. १९७३ साली ही संहिता नव्याने लिहिली गेली, तेव्हा परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्या माणसांशी आहे, असे निःसंदिग्धपणे म्हटले गेले. चरकाने ‘अनुराग’ हा शब्द वापरून जे सांगितले होते, तेथे जग बऱ्याच फेऱ्यानंतर परत आले असे म्हणता येईल.

कागदावर लिहिले म्हणून ते रुग्णालयात लगेच घडत नाही. त्यासाठी काय सोसावे लागते हे समजून घ्यावयाचे तर ऑस्ट्रेलियातील एका परिचारिकेची हकीकत पाहिली पाहिजे. तीत युद्ध नाही, हुकूमशहा नाही. सुधारलेल्या देशातील एक साधे सरकारी रुग्णालय आहे.

क्वीन्सलंड प्रांतात बंडाबर्ग नावाचे उसाच्या शेतीचे शहर आहे. तेथील सरकारी रुग्णालयात एप्रिल २००३ मध्ये एक शल्यविशारद रुजू झाला आणि लौकरच शस्त्रक्रियाविभागाचा प्रमुख झाला. तो आपल्याच देशात जन्मलेला आणि पुढे अमेरिकेत गेलेला होता. त्याचे नाव येथे मुद्दाम घेत नाही, कारण आपला विषय तो नाही. अमेरिकेतील एका राज्याने त्याच्यावर काही शस्त्रक्रिया करण्याबाबत निर्बंध घातले होते आणि दुसऱ्या राज्यात त्याला परवाना सोडावा लागला होता. पण क्वीन्सलंडच्या अधिकाऱ्यांनी हे नीट पडताळून पाहिले नाही. प्रांतात डॉक्टरांची टंचाई होती, आणि ठरीव संख्येइतक्या शस्त्रक्रिया पार पडल्या तर रुग्णालयाला पैसा मिळत होता. हा गृहस्थ भराभर शस्त्रक्रिया करी. व्यवस्थापनास तो हवासा वाटला यात नवल नाही.

अतिदक्षताविभागाच्या प्रमुख परिचारिका टोनी हॉफमन यांना पहिल्या काही आठवड्यांतच शंका येऊ लागली. अन्ननलिका काढून टाकण्यासारख्या अवघड शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात होऊ लागल्या होत्या. त्यांच्या विभागात रोग्याला एकदोन दिवसांहून अधिक काळ श्वसनयंत्रावर ठेवण्याची पुरेशी सोय नव्हती. असे रोगी ब्रिस्बेनच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावयाचे, असा परिपाठ होता. शल्यविशारद मात्र रोगी पाठविण्यास राजी नसे. हॉफमन यांनी प्रथम वरिष्ठांना तोंडी सांगितले. त्याचा अर्थ दोन माणसांचे पटत नाही असा करण्यात आला. येथेच आपल्याला नैतिक धैर्याच्या मार्गातील खरा अडथळा दिसतो. तिला कोणी धमकावले नाही. तिचे म्हणणे स्वभावदोषाच्या सदरात टाकून दिले, एवढेच. रोग्याच्या जिवाचा प्रश्न हा बाईमाणसाच्या रुसव्याचा प्रश्न झाला.

जुलै २००४ मध्ये अपघातात छाती चिरडलेल्या एका माणसाचा तेथे मृत्यू झाला. त्याला ब्रिस्बेनला हलवावे की नाही यावरून वाद झाला होता. यानंतर हॉफमन थांबल्या नाहीत. २२ ऑक्टोबर २००४ रोजी त्यांनी जिल्ह्याच्या व्यवस्थापकास सविस्तर पत्र लिहिले. त्यात रोग्यांची प्रकरणे एकेक करून मांडली होती. नाइटिंगेलच्या आकड्यांची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. रागाला उत्तर देता येते, नोंदीला देणे अवघड जाते. दरम्यान परिचारिका आपल्या रोग्यांना त्या शल्यविशारदाच्या नजरेआड ठेवण्याचा प्रयत्न करीत, असे पुढे हॉफमन यांनीच सांगितले. चौकशीस दिरंगाई होत राहिली, आणि शस्त्रक्रिया चालूच राहिल्या.

अखेर मार्च २००५ मध्ये त्यांनी आपल्या भागातील विधिमंडळ सदस्याची गाठ घेतली, आणि २२ मार्च रोजी त्याने ते प्रकरण विधिमंडळात मांडले. सरकारी नोकराने रुग्णालयाबाहेर असे बोलणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडण्याची तयारीच होती. एप्रिलच्या आरंभी खात्याच्या मंत्र्याने रुग्णालयास भेट दिली, तेव्हा कर्मचाऱ्यांना दिलासा मिळण्याऐवजी बोल ऐकावे लागले. शल्यविशारद तोपर्यंत अमेरिकेला निघून गेला होता. पुढे एका पत्रकाराने संगणकावर त्याच्या नावाचा शोध घेतला आणि अमेरिकेतील निर्बंधांची माहिती पाहता पाहता सापडली. दोन वर्षे जी गोष्ट कोणी पाहिली नाही, ती पाहावयास इतका थोडा वेळ पुरला.

यानंतर चौकशी आयोग बसला, तो न्यायालयाने थांबविल्यावर दुसरा बसला, आणि नोव्हेंबर २००५ मध्ये अहवाल आला. खटल्याचा शेवट मात्र सरळ झाला नाही, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. २०१० साली त्या शल्यविशारदास सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. २०१२ साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. फेरखटल्यात एका प्रकरणी तो निर्दोष ठरला. शेवटी २०१३ साली नोंदणीसाठी खोटी माहिती दिल्याचा गुन्हा त्याने कबूल केला, आणि २०१५ साली ऑस्ट्रेलियात वैद्यकी करण्यास त्याला मनाई झाली. हॉफमन यांना २००६ साली राष्ट्रीय सन्मान मिळाला, आणि २०१० साली क्वीन्सलंडने जनहितासाठी माहिती उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा नवा कायदा केला. पण कायद्याच्या निकालावर त्यांच्या धैर्याचे मोल अवलंबून नाही. त्यांनी कोणाला तुरुंगात पाठविण्यासाठी पत्र लिहिले नव्हते. पुढच्या रोग्यावर ती शस्त्रक्रिया होऊ नये, एवढेच त्यांचे मागणे होते.

७

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. ज्या कामा रुग्णालयाचा आम्ही वर उल्लेख केला, तेथे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दोन बंदूकधारी अतिरेकी शिरले. प्रसूतिपूर्व विभागात श्रीमती अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या आणि त्यांच्याकडे २० गर्भवती स्त्रिया होत्या. त्यांनी विभागाची दारे लावून घेतली, दिवे मालविले, आणि त्या सगळ्याजणींना मागच्या लहानशा खोलीत नेऊन बसविले. अशा वेळी एकीला कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या कडेकडेने वरच्या मजल्यावरील प्रसूतिगृहात कुलथे यांनी पोचविले, आणि तिचे मूल सुखरूप जन्मले.

हे शौर्य सर्वांना ठाऊक आहे, आणि त्याची वाखाणणी झालीच पाहिजे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यापुढचा प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. पकडलेल्या अतिरेक्याला ओळखण्याची आणि न्यायालयात साक्ष देण्याची वेळ आली, तेव्हा त्यांच्या घरच्यांना ते नको होते. कोणत्या घराला ते हवे असते? त्या रात्री विचार करण्यास अवधी नव्हता. साक्षीच्या वेळी तो भरपूर होता, आणि भीतीलाही तेवढाच अवकाश होता. तरीही त्या साक्षीला गेल्या, आणि परिचारिकेच्या गणवेशातच जाण्याचा त्यांनी आग्रह धरला. तो गणवेश अंगावर असला म्हणजे आपल्या जबाबदारीची जाणीव राहते, अशी त्यांची भावना होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे दूरचित्राद्वारे त्या रात्रीची हकीकत सांगितली.

गणवेशाची ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ओब्रावाल्डेच्या परिचारिकाही गणवेशातच होत्या. त्यांच्या दृष्टीने गणवेश म्हणजे, मी जे करते ते माझे नव्हे, वरच्याचे आहे, असे सांगणारे वस्त्र होते. कुलथे यांच्या दृष्टीने तेच वस्त्र, हे माझे आहे, माझ्यावर आहे, असे सांगणारे होते. कापड तेच, पण एकीने त्याच्या आड आपला विवेक ठेवून दिला, आणि दुसरीने त्यातून बळ घेतले.

८

या साऱ्यातून आम्ही जो विचार काढतो तो असा. आज्ञापालन हा परिचर्येतील दुर्गुण नव्हे. त्यावाचून रुग्णालय चालणार नाही. परंतु आज्ञा ही रोग्याच्या रक्षणासाठी आहे, ही आठवण जेथे सुटते तेथे आज्ञाधारक माणूस कोणाच्याही हातचे साधन बनतो. ही आठवण ठेवण्यास तीन गोष्टींचे साहाय्य होते असे इतिहास दाखवितो : आपल्या कामाचे पक्के ज्ञान, जे दिसले ते लिहून ठेवण्याची सवय, आणि ज्यांच्याशी बोलता येईल अशी सोबत. या तिन्ही गोष्टी शिकविता येतात. म्हणून ही केवळ परिचर्याशाळांची बाब नव्हे. वर्गात उठून, गुरुजी, फळ्यावरचे गणित चुकले आहे, असे सांगणाऱ्या मुलीला आपण काय उत्तर देतो, यावर पुढे कोणा अनोळखी रोग्याचे दैव अवलंबून असू शकते. आपण तिला उद्धट म्हणून खाली बसविले, तर ती उद्या रात्री दोन वाजता डबीवरची मात्रा वाचील, आणि तरीही औषध घेऊन निघेल.

आरंभी आम्ही विचारले होते, की शुश्रूषेत ऐकावयाचे कोणाचे? ज्या बायकांची हकीकत वर सांगितली त्यांनी या प्रश्नाचे उत्तर व्याख्याने देऊन दिले नाही. त्या आपल्या कामावर राहिल्या, नोंदी ठेवीत राहिल्या, दारे लावून घेत राहिल्या. त्यांना ऐकू येत होता तो खाटेवरच्या माणसाचा श्वास. आणि त्याहून मोठा आवाज आला तरी तो ऐकणे त्यांनी सोडले नाही. ऐकण्याची इच्छा हा शब्दाचा जुना अर्थ अजून जिवंत आहे, असे म्हणावयास एवढा पुरावा पुरेसा आहे.